पंप-ॲक्शन शॉटगन रेंजवर अडकली तर आधी काय बघायचं

शॉटगन अडकली की हात आपोआप जोर लावायला जातो. फोरएंड, म्हणजे नळीखालची मागं-पुढं सरकणारी मूठ, मागं खेचायचा, पुढं ढकलायचा, परत खेचायचा, नाहीच हलला तर गन आडवी करून पोर्टमधे, म्हणजे काडतूस बाहेर पडायच्या बाजूच्या खिडकीत, डोकवायचं, आणि डोकवता डोकवता नळी शेजारच्या माणसाकडं कधी वळली ते कळतच नाही. त्या शेवटच्या गोष्टीसाठीच हे एवढं सविस्तर लिहायला बसलोय. अडकलेली गन म्हणजे नुसती बिघडलेली वस्तू नाही, तिच्यात जिवंत काडतूस आहे का आणि असलं तर नेमकं कुठं आहे हे त्या क्षणी आपल्याला माहीत नसतं, खरा धोका तो. म्हणून काहीही ओढायच्या आधी एकच प्रश्न स्वतःला विचारायचा, काडतूस कुठंय? याचं उत्तर मिळालं की पुढचं काम बहुतेक वेळा सोपं असतं.

इथं अमेरिकेत आपली बरीच मंडळी आता वीकेंडला क्ले शूटिंगला, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम धरायला, जायला लागलीत, आणि पहिली गन बहुतेकांची रेमिंग्टन ८७० नाहीतर मॉसबर्ग ५०० असते. ८७० आली १९५० मधे, ५०० साठच्या दशकाच्या सुरुवातीला, दोन्ही एक कोटीच्या वर बनल्यात, त्यामुळे पार्ट कुठंही मिळतात आणि बिघाडही सगळ्यांचे तेच ते असतात. मी खाली जे सांगतोय ते याच दोन गनच्या हिशोबानं आहे, तुमच्याकडं दुसरी कुठली पंप असेल तरी तत्त्व तेच, फक्त बटणांच्या जागा मॅन्युअलमधे बघून घ्या.

एक गोष्ट आधीच, कारण आपल्या लोकांना ही कुणी सांगत नाही. एच-१बी, एफ-१, टूरिस्ट व्हिसा असे जे नॉन-इमिग्रंट व्हिसा आहेत त्यांच्यावर असलेल्यांना फेडरल कायद्यानं गन किंवा काडतूस हातात घेणंसुद्धा बंद आहे, वैध हंटिंग लायसन्ससारखा एखादा अपवाद लागू असेल तरच चालतं. रेंजवर भाड्यानं घेतलेली गनसुद्धा यात येते. भारतातून आलेल्या आईबाबांना हौसेनं एक फेरी मारू दे म्हणून गन हातात देणारे लोक मी बघितलेत, कृपा करून असं करू नका. ग्रीन कार्डवाल्यांना हा प्रश्न नाही, पण राज्याचे नियम वेगळे असतात ते बघाच.

आता गन थांबली त्या क्षणाचं. नळी समोर, डाउनरेंज, आणि ती तिथंच राहणार, काहीही झालं तरी. बोट चापावरून काढून बाहेर सरळ. सेफ्टी लावा, ८७० ला ती चापाच्या मागं आडवं बटण असते आणि लाल रिंग दिसत असेल तर गन फायरला तयार आहे असं समजायचं, मॉसबर्गला रिसीव्हरच्या, म्हणजे नळीमागच्या धातूच्या पेटीच्या, वर मागच्या बाजूला अंगठ्याखाली स्लाइड असते. या दोन्ही गनमधे सेफ्टी लावलेली असतानाही ॲक्शन, म्हणजे फोरएंडनं चालणारी काडतूस आत-बाहेर करायची यंत्रणा, उघडता येते, त्यामुळं उघडायचीय म्हणून सेफ्टी काढायचं काही कारण नाही. मग मोकळा हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवा. लाजू नका, त्यांचं ते कामच आहे आणि चांगला रेंज ऑफिसर हात वर करणाऱ्या माणसाला मान देतो. चष्मा आणि कानांचं संरक्षण काढायचं नाही, आत बघायला त्रास होतो म्हणून चष्मा कपाळावर सरकवणारे लोक असतात आणि डोळ्यांची गरज नेमकी तेव्हाच असते.

मॅच चालू असेल तर अजून एक. ऑलिंपिक पद्धतीच्या ट्रॅप-स्कीटला, म्हणजे क्ले शूटिंगच्या दोन प्रकारांना, नियम असा की गन चालली नाही तर ती तशीच समोर धरून थांबायचं, रेफरीनं बघेपर्यंत उघडायची नाही आणि सेफ्टीलाही हात लावायचा नाही, नाहीतर तो पक्षी, म्हणजे ती चकती, लॉस्ट धरतात. म्हणजे सेफ्टीबद्दल वर सांगितलं ते रोजच्या प्रॅक्टिससाठी, मॅचमधे रेफरी सांगेल ते. क्लबच्या लीगमधे काय चालतं ते आधीच विचारून ठेवा.

आता आतमधे काय चालतं ते थोडं डोक्यात बसवून घ्या, कारण ते कळलं नाही तर पुढचं सगळं पाठांतर होईल. कोकणात वगैरे ज्यांच्या घरी शेतसंरक्षणाच्या परवान्यावर दुनळी बाराबोर होती त्यांना माहीत असेल, ती मधून वाकवून उघडली की दोन्ही काडतुसं समोर उघडी दिसतात, लपायला जागाच नाही. पंपमधे तसं नाही. पंपमधे काडतूस तीन ठिकाणी असू शकतं, नळीच्या मागच्या तोंडाशी म्हणजे चेंबरमधे, चेंबरच्या खाली मागं लिफ्टरवर म्हणजे काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीवर, आणि नळीखालच्या मॅगझिन ट्यूबमधे. फोरएंड मागं आणताना बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा ठोकळा, मागं जातो, बोल्टवरचं एक्स्ट्रॅक्टर म्हणजे छोटासा आकडा रिकाम्या काडतुसाची कड धरून त्याला चेंबरमधून ओढतो, मागं आल्यावर इजेक्टर त्याला धक्का देऊन पोर्टमधून बाहेर उडवतो. फोरएंड अगदी शेवटपर्यंत मागं गेला की ट्यूबच्या तोंडाशी काडतूस अडवून धरणारा लॅच सरकतो आणि नवीन काडतूस लिफ्टरवर येऊन पडतं. फोरएंड पुढं नेताना लिफ्टर वर उचलला जातो, बोल्ट काडतुसाला चेंबरमधे ढकलतो आणि लॉक होतो. एवढंच. जिथं कुठं ही साखळी तुटते तिथं गन अडकते.

जी अडकलेलीच नसते अशी अडकलेली गन नवीन माणसाच्या हातात सगळ्यात जास्त वेळा असते. गन लोड केली, ॲक्शन बंद केली, आता काही कारणानं उघडायचीय, आणि फोरएंड हलतच नाही. तो हलणारच नाही, कारण हॅमर, म्हणजे चाप ओढल्यावर ठोका मारणारा भाग, चढवलेला असताना ॲक्शन मुद्दाम लॉक राहते. चाप ओढला की लॉक सुटतं, आणि चाप न ओढता उघडायची तर स्लाइड रिलीज दाबावं लागतं. ८७० ला हे बटण ट्रिगर गार्डच्या पुढच्या बाजूला डावीकडं असतं, मॉसबर्गला ट्रिगर गार्डच्या मागं डावीकडं. ८७० वर शिकलेला माणूस मॉसबर्ग हातात घेतो आणि पुढं चाचपडत बसतो. बटण दाबताना फोरएंडवर आधीच मागं खेचायचा जोर लावला असेल तर बटण घट्ट लागतं, म्हणून फोरएंड केसभर पुढं ढकला, मग बटण दाबा, मग हळू मागं घ्या. निम्म्या तक्रारी इथंच संपतात असं माझं मत आहे.

आता चाप ओढला आणि नुसता टक असा आवाज आला. लगेच उघडायचं नाही. कधीकधी प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टिकली, पेटतो पण दारू उशिरा पेटते, याला हँगफायर म्हणतात, दुर्मिळ आहे पण होतं, आणि त्या वेळी तुम्ही ॲक्शन उघडलेली असेल तर काडतूस तुमच्या तोंडापाशी फुटेल. नळी समोर धरून किमान ३० सेकंद शांत उभं राहायचं, काही रेंजवर पूर्ण एक मिनिट सांगतात, तिथला नियम पाळा. मग पोर्टवर हात न ठेवता, चेहरा बाजूला ठेवून ॲक्शन उघडा आणि जे बाहेर येईल ते नीट बघा. जिवंत काडतूस आलं तर त्याचा प्रायमर बघा. मधोमध चांगला खोल खड्डा पडलाय म्हणजे गननं तिचं काम केलंय, काडतूस खराब होतं, ते रेंजच्या डड ठेवायच्या डब्यात जाईल, खिशात किंवा कचऱ्यात नाही. खड्डा अगदी उथळ आहे म्हणजे प्रायमरवर ठोका देणाऱ्या फायरिंग पिनच्या मार्गात घट्ट झालेलं तेल आणि घाण आहे, पिन किंवा स्प्रिंग थकलीय, नाहीतर बोल्ट पूर्ण बंद झाला नव्हता. आणि बाहेर काहीच आलं नाही, किंवा आधीच फुटलेलं रिकामं काडतूस आलं, तर चूक काडतुसाची नाही, तुमचा पंप अर्धा पडला, ते पुढं सांगतो.

याच्याही पेक्षा मी ज्याला घाबरतो ते म्हणजे टक नाही आणि धडामही नाही, फक्त फुस्स किंवा पॉप असा दबका आवाज आणि खांद्याला धक्काच नाही. इथं फेरी थांबवायची, लगेच. पुढचं काडतूस आत ढकलायचंच नाही, भले स्क्वॉड, म्हणजे बरोबरचे नेमबाज, तुमच्यासाठी खोळंबलेलं असो. अशा वेळी छर्रे कसेबसे बाहेर पडतात पण प्लॅस्टिकची वॅड, म्हणजे दारू आणि छर्ऱ्यांच्या मधलं बूच, नळीत मधेच राहू शकते, आणि तिच्या मागून पुढचा पूर्ण ताकदीचा बार गेला की नळी फुगते किंवा फाटते. गन पूर्ण रिकामी करा, ट्यूबसकट, मग ॲक्शन उघडी ठेवून चेंबरच्या बाजूनं टॉर्च टाकून बघा किंवा नळीतून लाकडी दांडी सोडून ती आरपार जाते का बघा. दिसत नाहीये पण बहुधा मोकळीच असेल, असला अंदाज इथं चालत नाही.

आता मुख्य आजार, अर्धा पंप. गावातल्या हापशाचा दांडा अर्धाच मारला की पाणी येत नाही, इथंही अगदी तसंच आहे, फक्त परिणाम चार वेगवेगळे दिसतात आणि त्यावरून पंप कुठं कमी पडला ते ओळखता येतं. थोडासाच मागं आणला तर रिकामं काडतूस चेंबरमधून निघतं पण इजेक्टरपर्यंत पोचत नाही आणि परत आत जातं, मग पुढच्या वेळी टक. त्याहून जरा जास्त आणला तर काडतूस पोर्टमधून अर्धं बाहेर आणि बोल्ट पुढं येऊन त्याला चिमटीत धरतो. अजून मागं आणला तर रिकामं उडतं पण ट्यूबचा लॅच सुटत नाही, नवीन येतच नाही, परत टक. आणि सगळ्यात वाईट, जुनं पूर्ण उडालं नाही तोवर नवीन लिफ्टरवर आलं, आता दोघं एकाच जागेसाठी भांडतायत.

पोर्टमधे चिमटीत अडकलेलं रिकामं काडतूस काढणं सोपं आहे, फोरएंड जोरात शेवटपर्यंत मागं घ्या, गन उजवीकडं कलती करून पोर्ट जमिनीकडं करा, ते खाली पडेल. नळी मात्र समोरच. दोन काडतुसं एकात एक अडकली असतील तर घाई नको. फोरएंड मागं धरून ठेवा, पोर्टमधून आत बघा आणि वरचं कोणतं, खालचं कोणतं ते ठरवा. वरचं सैल असेल तर गन कलती करून पडू द्या. ट्यूबमधून अर्धं डोकं बाहेर काढून बसलेलं काडतूस असेल तर गनच्या पोटाकडच्या लोडिंग पोर्टमधून बोट घालून त्याला परत ट्यूबमधे ढकला, लॅचचा टिक असा आवाज येईपर्यंत, मग लिफ्टरवरचं मोकळं होतं. मॉसबर्गचा लिफ्टर मधे कापलेला असतो आणि ॲक्शन बंद असताना वरच राहतो, त्यामुळं तिच्यात खालून बोट घालायला भरपूर जागा असते. ८७० चा लिफ्टर ॲक्शन बंद असताना खाली येऊन तोंड झाकतो, त्यामुळं तिथं अंगठा आधी लिफ्टरला वर दाबतो आणि मग आत जातो, आणि हे करताना हातमोज्याचं टोक आत अडकू देऊ नका. आणि काहीही करताना हात नळीच्या तोंडापुढं जाता कामा नये, हे सांगायची गरज नाही असं वाटतं पण अडकलेल्या गनशी झटापट करताना लोक नळीला मिठी मारतात.

८७० मधला एक प्रकार खास आहे आणि तो ओळखता आला पाहिजे. कधीकधी लॅचमधून निसटलेलं काडतूस बंद बोल्टच्या खाली, लिफ्टरच्या वर येऊन बसतं आणि ॲक्शन पूर्ण कुलूप लागल्यासारखी होते, रिलीज दाबूनही नाही. नंतरच्या ८७० मधे लिफ्टरला यू आकाराची चीर दिलेली असते, खालून बघितलं तर दिसते, अशी गन रिलीज दाबून फोरएंड दणकून मागं ओढला की सुटते. जुन्या गनमधे ही चीर नसते, आणि तिथं स्क्रू-ड्रायव्हर घालून खोचाखोच करायला लोक सुरू करतात. बोल्ट लॉक आहे म्हणजे चेंबरमधे जिवंत काडतूस असू शकतं, आणि बोल्ट लॉक असेपर्यंत नळीही निघत नाही कारण लॉकचा तुकडा नळीच्या मागच्या भागातच बसलेला असतो. एक-दोनदा सरळ जोर लावून नाही सुटली तर रेंज ऑफिसर आणि गनस्मिथ. आणि हेच परत परत होत असेल तर लॅच सैल झालाय किंवा वाकलाय, ८७० चे लॅच रिसीव्हरला ठोकून बसवलेले असतात, ते घरच्या टेबलवर दुरुस्त करायचं काम नाही. मॉसबर्गमधे त्या जागेचे दोन पार्ट सुटेच असतात, ट्रिगर ग्रुप, म्हणजे चापाची पूर्ण जोडणी, काढला की हातात येतात, बदलायला सोपे, पण साफ करून परत लावताना जागेवर नीट बसले नाहीत तर तिथूनच नवीन अडचण सुरू होते.

रिकामं काडतूस चेंबरमधे घट्ट बसलंय आणि फोरएंड मागं येतच नाही, ही तक्रार स्वस्तातल्या शंभर काडतुसांच्या बॉक्सबरोबर हमखास येते. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. काडतुसाच्या बुडाला जे पिवळं धातूचं टोपण दिसतं ते महागड्या काडतुसात पितळेचं असतं, स्वस्तात बऱ्याचदा स्टीलवर पिवळा मुलामा असतो, चुंबक लावून बघा, चिकटलं तर स्टील. बार उडाला की टोपण फुगून चेंबरच्या भिंतीला टेकतं, पितळ लगेच परत आकसतं, स्टील तेवढं आकसत नाही. त्यात चेंबर आतून खरखरीत असेल तर काडतूस धरून बसतं. ८७० एक्स्प्रेस हे १९८७ ला आलेलं स्वस्त मॉडेल, त्याच्या चेंबरची फिनिश ८७० च्याच महागड्या विंगमास्टर मॉडेलइतकी गुळगुळीत नसते, म्हणून ही तक्रार त्यांच्यात जास्त. आमच्या ग्रुपमधल्या एका वहिनींच्या गनला पहिल्या पाच-सहा बारांनंतर दर वेळी हेच व्हायचं, त्यांना सगळे सांगत होते की तुमच्या हातात जोर कमी पडतो. मी त्यांची बाहेर आलेली काडतुसं उचलून बघितली तर कडेवर एका जागी धातू चावल्यासारखा ओरबाडलेला होता, म्हणजे एक्स्ट्रॅक्टरनं व्यवस्थित धरलं होतं, ओढलंही होतं, चेंबर सोडत नव्हता. त्यांनी ब्रँड बदलला आणि त्याच दिवशी गन सुरळीत चालायला लागली. ही खूण लक्षात ठेवा, कड ओरबाडलेली असेल तर दोष चेंबर किंवा काडतुसाचा, कड स्वच्छ असेल आणि काडतूस आतच राहिलं असेल तर आकडा निसटतोय, त्याच्या नखाखाली घाण आहे किंवा त्याची स्प्रिंग मेलीय. टूथपिकला सॉल्व्हंट लावून त्या नखाखालून कोरून काढा, काळा चिकट लगदा निघतो तो बघून आश्चर्य वाटेल.

अडकलेलं काडतूस फुटलेलंच आहे याची शंभर टक्के खात्री असेल, म्हणजे बार ऐकलाय, धक्का बसलाय, समोर छर्रे गेलेत, तर रेंज ऑफिसरला सांगून, रिलीज दाबून, फोरएंड घट्ट धरून दस्त्याचं बूड जमिनीवर आपटायची एक पद्धत आहे, धक्क्यानं बोल्ट मागं येतो. यात नळी वर आकाशाकडं होते, म्हणजे रेंजची परवानगी पाहिजेच, डोकं नळीच्या रेषेत नको, आणि दस्ता फोल्डिंग असेल तर अजिबात नको, तो तुटेल. मला स्वतःला त्यापेक्षा लाकडी दांडीची पद्धत बरी वाटते, ॲक्शन थोडी तरी उघडली असेल आणि आत रिकामंच आहे हे डोळ्यांनी दिसत असेल तर नळीच्या तोंडातून दांडी सोडून हलके ठोकायचं. जिवंत काडतूस असेल किंवा नुसता संशय असेल तर दोन्ही बंद. आपटायचं नाही आणि तोंडातून दांडी तर मुळीच घालायची नाही, नळीच्या पुढं हात नेऊन जिवंत काडतुसावर ठोकणं किती वाईट आहे ते सांगायला नको.

खरखरीत चेंबरवर घरी करता येतो असा इलाज आहे. गन रिकामी, दोनदा तपासलेली, नळी काढून घ्यायची. बारा गेजच्या (म्हणजे बाराबोरच्या) चेंबर ब्रशला सगळ्यात बारीक, चार शून्यवाली स्टील वूल गुंडाळायची, तेल लावायचं, ड्रिलला लावून सावकाश फिरवत चेंबरमधे मागं-पुढं करायचं, थोडा वेळ, पुसून बघायचं, परत थोडा वेळ. फक्त चेंबर, पुढं नळीत घुसायचं नाही. आपल्याला धातू कमी करायचा नाहीये, नुसता खरखरीतपणा घालवायचाय. आतून क्रोमचा थर असलेल्या चेंबरला हे करू नका. नंतर वूलचा एकही धागा आत राहणार नाही असं स्वच्छ धुवून काढा. झालं की नाही ते बघायला, तुमच्याच चेंबरमधून निघालेलं रिकामं काडतूस बोटानं आत सोडा आणि नळी उभी करा, स्वतःच्या वजनानं खाली पडलं पाहिजे.

काडतुसाच्या मापाबद्दल. नळीवर चेंबरची लांबी कोरलेली असते, पावणेतीन इंच किंवा तीन इंच, ती वाचा. तीन इंची काडतूस पावणेतीनच्या चेंबरमधे आत जातं, बसतं, सगळं ठीक वाटतं, पण तोंडाची घडी उलगडायला पुढं जागा राहत नाही आणि दाब भलताच वाढतो. उलटं, तीनच्या चेंबरमधे पावणेतीन, बिनधास्त चालतं. पावणेदोन इंची मिनी काडतुसं गमतीची असतात पण पंपच्या लिफ्टरवर ती गोलांटी मारतात, मॉसबर्गसाठी रबरी ॲडॉप्टर मिळतो, बाकी गनमधे एक-एक हातानं घाला. आणि ही एक गोष्ट मी कितीही वेळा सांगायला तयार आहे, वीस गेजचं काडतूस बारा गेजच्या खिशात किंवा बॅगेत कधीही येऊ देऊ नका. ते बाराच्या चेंबरमधून पुढं घसरतं आणि नळीत जाऊन बसतं, तुम्हाला वाटतं आत काहीच नाही, गन चालली नाही, म्हणून मागून बाराचं घालता, ते अगदी बरोबर बसतं, आणि बार केला की नळी तुमच्या डाव्या हातापाशी फुटते. वीस गेजची काडतुसं पिवळी ठेवतात ती याचसाठी. घरात नवऱ्याची बारा आणि बायकोची किंवा मुलाची वीस असेल तर बॅगा वेगळ्या, शूटिंगची जाकिटं वेगळी, आणि फेरीआधी खिसे उलटे करून बघायची सवय.

छोट्या गोष्टी पटापट. मॅगझिनच्या टोकाची टोपी सैल झाली की नळी किंचित पुढं सरकते आणि पंप अचानक जड लागायला लागतो, दर फेरीनंतर हातानं पिळून बघा. ट्यूबमधे दोनच काडतुसं जातायत म्हणून गन दुकानात परत नेणारे असतात, आत लाकडी किंवा प्लॅस्टिकचा प्लग असतो, बदकासारख्या स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीला एकूण तीनच काडतुसांची मर्यादा आहे त्यासाठी, टोपी उघडून काढता येतो, मात्र ट्यूबची स्प्रिंग उडून डोळ्यात जाणार नाही अशी धरा. ट्यूबमधून काडतूस अडखळत बाहेर येत असेल तर आत गंज आणि धूळ आहे, कापडानं पुसा, तेलाचा नुसता स्पर्श. तेलाचा अतिरेक हा आपल्या लोकांचा मोठा दोष आहे, जेवढं जास्त तेवढं गन खूश असं वाटतं, पण ट्रिगर ग्रुपमधे ओतलेलं तेल अर्धवट जळलेल्या दारूच्या कणांशी मिसळून चिखल होतो आणि मिनेसोटासारख्या थंडीत तो घट्ट बसतो. डब्ल्यूडी-४० वंगण म्हणून वापरू नका, ते वाळून चिकट थर राहतो. ॲक्शन बार, बोल्टच्या खाचा, एवढ्या जागी एकेक थेंब पुरतो. ट्रिगर ग्रुप ८७० मधे दोन पिनांवर आणि मॉसबर्गमधे एका पिनेवर निघतो, तो काढून झटकणं वर्षातून एक-दोनदा तरी करा.

नवीन माणसाला माझा सल्ला असा की पहिले काही दिवस ट्यूब वापरूच नका. ट्रॅपला सोळा यार्डांवरून पाच पोस्टवर मिळून २५ पक्षी मारायचे असतात आणि एका वेळी एकच काडतूस भरायचं असतं, ते उघड्या पोर्टमधून सरळ लिफ्टरवर टाकायचं आणि फोरएंड पुढं. अडकण्याचे निम्मे प्रकार यातच निघून जातात आणि हात पूर्ण पंप शिकतो. पंप शिकायचा तर घरी, जिवंत काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, रंगीत स्नॅप कॅप, म्हणजे सरावाची नकली काडतुसं, आणा आणि फोरएंड मागच्या टोकाला ठक असा लागेपर्यंत आणि पुढच्या टोकाला ठक असा लागेपर्यंत, दर वेळी, मऊ हातानं नाही, ठामपणे. हळू आणि हलका पंप केला की गनला जपतोय असं वाटतं, ती गन तशी चालवण्यासाठी बनलेलीच नाही. मग मुद्दाम अडकवून बघा, स्नॅप कॅप लिफ्टरवर आणि दुसरी चेंबरमधे ठेवून, आणि डोळे मिटून बोटानं ओळखा की काय कुठं आहे. रेंजवर घाबरलेल्या हाताला ही ओळख फार उपयोगी पडते.

गन मोकळी झाली असं वाटलं की तपासणी पूर्ण करा. ॲक्शन उघडी, चेंबरमधे डोळ्यानं बघा, करंगळी घालून बघा, लिफ्टरवर बघा, ट्यूबच्या तोंडात बोट घालून फॉलोअरचा, म्हणजे स्प्रिंगच्या टोकावरच्या टोपणाचा, गुळगुळीत तुकडा बोटाला लागतो का ते बघा, काडतुसाचा धातू लागला तर अजून आहे. मग मान वर करून दुसरीकडं बघा आणि परत सगळं एकदा, कारण पहिल्या वेळी आपल्याला जे बघायचं असतं तेच दिसतं. चेंबर रिकामं असल्याचं दाखवणारा चेंबर फ्लॅग लावा, मग रॅकवर.

आणि जिवंत काडतूस आत अडकलंय, निघत नाहीये, रेंज बंद व्हायची वेळ झालीय, तर ती गन गाडीत टाकून घरी आणायची नाही, उद्या गनस्मिथकडं नेतो म्हणूनही नाही. रेंजच्या लोकांना सांगा, नळी सुरक्षित दिशेला ठेवून तिथंच थांबा, बऱ्याच रेंजवर कुणीतरी असतं ज्याला हे काढता येतं, नसेल तर ते फोन करून गनस्मिथला विचारतील किंवा बोलावतील. घरी उशिरा जा, फोन करून सांगा की उशीर होतोय.